वाटो

कुडाळहून निवतीची शेवटची एसटी
मला सड्यावर उतरवून पुढे गेली
आणि सॅकचा पट्टा खांद्यावरून निघायच्या आत
पानपट्टीवरून हाक: कधी इलंस गो? कधी जातलंस?
एका दमात. दोन्ही प्रश्नांच्या मध्ये
दिवाळीचे आठ दिवस मावतात की नाही
कुणी बघत नाही.

मेल्विन आता पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो.
न दिसल्यास पैसे परत, असा बोर्ड लावलाय.
अजून एकदाही परत द्यावे लागले नाहीत म्हणतो,
लाट जरा काळी झाली की माणसं
आपणहून ओरडतात, तो बघा, तो बघा.
हर्षाली परुळ्यात दिलेली, स्कूटीवर पंधरा मिनिटं,
पण येताना पोर, पोराचा डबा, सासूचे तीन फोन
एवढं सगळं घेऊन आली.
तन्वेश मोपाला बॅगा चढवतो.
विमानात बसलंस काय रे, मेल्विनने विचारलं.
पोटात जातंय रोज, बसाक गावना नाय.

जेटीच्या पायरीवर
हसून हसून कोकम सोडा नाकात गेला.
मग मेल्विन माझ्याकडे वळला, घसा खाकरला
आणि म्हणाला, तुझं कसं चाललं आहे?
शाळेत तपासणीला साहेब आले की बोलायचा, तसं.
मी मालवणीतच उत्तर दिलं.
शब्द बरोबर होते.
हेल बहुतेक फोंडाघाटात राहिला.

सकाळी रापण लागली.
दोराला हात लावील त्याला वाटा, हा नियम
माझ्या प्रबंधात अडीच पानं आहे,
सामायिक संसाधने, प्रकरण तिसरं, तळटिपांसकट.
तळटिपेत नाही ते असं:
ओला नायलॉन तळव्याची साल काढतो,
मागचा माणूस दमला की आधी आपल्या पाठीला कळतं,
आणि हर्षालीचं पोर जीव खाऊन ओढतंय
तो दोर नाही, माझ्या ओढणीचं टोक आहे.

नववीत आम्ही चौघं एकाच दोराला असायचो,
शाळेची घंटा ऐकू येईपर्यंत.
मला सात-आठ पेडवे मिळायचे, त्यातले दोन-तीन शेपूट तुटके.
दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात. दिवसभर
बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही,
हर्षाली सोडून. तिच्याही दप्तराला तोच वास.

जाळं वर आलं. तांडेल वाळूवर ढीग टाकत गेला,
पेडवे, थोडे बांगडे, मधेच एखादी शिंगाळी,
माणसामागे एक ढीग.
सवयीने मोजले. एकोणीस.
दोराला आम्ही वीस होतो.

मग त्याने बाजूला ठेवलेली इसवण उचलली,
माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी,
दोन्ही हातांनी पुढे केली.
ही घेऊन जा. पुण्यात अशी ताजी मिळत नसेल.
शुद्ध मराठीत. एकही चूक नाही.
तन्वेश जाळ्यातली गाठ सोडवत बसला,
सुटलेली गाठ.
हर्षाली पोराच्या नाकाला पदर लावत होती.
मी थँक्यू म्हटलं. थँक्यू!
त्या वाळूवर हा शब्द
माझ्याआधी कुणी काढला असेल असं वाटत नाही.

पाट चढताना पिशवी हाताला कापत होती.
प्रबंधात एक ओळ वाढवायला हवी,
पाहुण्याला वाटा नसतो, भेट असते,
आणि भेट वाट्याहून मोठी असते. नेहमी.
संदर्भ काय देणार?

घरी पिशवी परातीत उपडी केली
तर इसवणीच्या पोटाखाली एक पेडवा.
शेपूट तुटका.
पोर मघा पिशवीत हात घालत होतं खरं.
पण त्याच्या मागे हर्षाली उभी होती.

येवडी इसवण, आई म्हणाली, आणि विळी ओढली.
मग थांबून, माझ्याकडे न बघता,
वाटो काय गो?
मी पेडव्याकडे बोट दाखवायला वळले.
तो तिने आधीच
मांजरासाठी बाजूला काढला होता.